आमच्या गल्लीत कोणी पाकिस्तानी नाही

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी जो माणूस रस्त्यावर दिसतो, तो एकतर या गावात नवीन असतो नाहीतर नोकरीवर असतो. हवालदार नोकरीवर होता. तो आमच्या गल्लीत आला तेव्हा मी गच्चीवरच्या कुरड्या गोळा करून नुकतीच खाली उतरले होते आणि कूलरपुढे पाय पसरून पडले होते. बाहेर काय चाललंय ते मला कळलंच नाही. कळलं असतं तर पुढचे सगळे हेलपाटे टळले असते. पण नाही कळलं, त्याला आता काय करणार?

आमची गल्ली इंदोरा आणि जरीपटका यांच्या मधे येते. अर्धी घरं आमची, बौद्धांची, अर्धी सिंध्यांची. माझी सगळी नोकरी शाळा मास्तरकीत गेली, आता पेन्शन खाते आणि गुडघे चोळते. शेजारच्या घरात वरच्या माळ्यावर जे कुटुंब भाड्याने राहतं ते सिंधी, पण फाळणीच्या वेळी आलेलं नव्हे. हे फार नंतर, माझी पोरं मोठी झाल्यावर सिंधमधून आलेले. नवरा, त्याची आई, बायको आणि कडेवर एक मुलगी. दुसरा मुलगा इथंच झाला. नवरा गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात कामाला आहे. बायको घरी पापड करून विकते. ती माझ्या लेकीच्या वयाची, पण अख्खी गल्ली तिला भाभी म्हणते म्हणून मीही भाभीच म्हणते.

सुरुवातीला आमचं काही पटलं नाही. आमची गच्ची आणि त्यांची गच्ची यांच्या मधे गुडघ्याएवढी भिंत आहे. उन्हाळ्यात मी इकडे सांडया-कुरड्या घालायची, ती तिकडे पापड. वारा सुटला की तिचे पापड माझ्या सांडयांत. मी जिना चढून भांडायला जायची. तर या लोकांची एक रीत आहे, घरात कोणीही आलं की आधी भाजलेला पापड आणि थंड पाणी. भांडायला आलेल्या बाईलासुद्धा. तोंडात पापड असताना भांडता येत नाही हो. दोन-तीनदा असं झाल्यावर मी वर जाणं सोडलं नाही, भांडणं तेवढं सोडलं.

तर कागदांचं असं होतं. नवऱ्याला, सासूला आणि मुलीला इथलं नागरिकत्व मिळून गेलं होतं. भाभीचं अडकलं. मधेच तिचा पासपोर्ट संपला, तो नवा करायला दिल्लीला त्यांच्या वकिलातीत खेटे झाले, त्यात अर्ज मागे पडला, आणि ती राहिली व्हिशावर. दर थोड्या काळाने तो वाढवून घ्यायचा. आतापर्यंत वाढत आला होता. त्या उन्हाळ्यात मात्र सीमेवर बिनसलं, टीव्हीवर रात्रंदिवस आरडाओरड सुरू झाली, तिकडच्या लोकांनी देश सोडावा असे हुकूम निघाले. तिच्यासारख्यांना त्यातून वगळलंय असं एक जण सांगे, ज्यांचा अर्ज अजून पडून आहे त्यांना नाही असं दुसरा सांगे. नक्की कोणालाच माहीत नव्हतं. आणि तिचा व्हिसा वाढवायचा अर्ज पडूनच होता.

हवालदार आला होता तो त्याच चौकशीला. ही बाई दिलेल्या पत्त्यावर राहते का, एवढंच पाहायचं होतं. बिचाऱ्याने गल्लीच्या कोपऱ्यावर किराणा दुकानाच्या सावलीत गाडी लावली आणि तिथंच विचारलं.

किराणावाला मूळचा काटोलकडचा. तोंडाने फटकळ, पण माणूस चांगला. भाभी रोज सकाळी त्याच्याकडून दही नेते आणि तिचे पापड त्याच्याच काउंटरवर विकायला असतात. हवालदाराने कागदावरचं नाव वाचलं. किराणावाल्याने ते नाव जन्मात ऐकलं नव्हतं. "नाई साहेब, या नावाची कोणी बाई नाही आमच्याकडे." हवालदार म्हणाला, नीट आठवा, पाकिस्तानची आहे. झालं! किराणावाल्याला राग आला. "पाकिस्तानी? आमच्या गल्लीत? काही काय बोलता साहेब! चांगल्या लोकाची वस्ती हाय ही. आमच्या गल्लीत कोणी पाकिस्तानी नाही." वर त्याला थंड पाण्याची बाटली दिली. हवालदार पाणी पिऊन गेला. भाभी त्या वेळी तिथून हाकेच्या अंतरावर, वरच्या माळ्यावर पापड लाटत होती.

हे सगळं आम्हाला कळलं ते बऱ्याच दिवसांनी. एका संध्याकाळी तिचा नवरा गांधीबागेतून घरी न जाता सरळ आमच्याकडे आला. त्याचा चेहरा असा उतरलेला की मी आधी पाणीच आणलं. त्याने खिशातून कागदाची घडी काढून माझ्या हातात दिली. "आंटी, आप पढ़ के बताओ. मेरे को मराठी उतनी नहीं आती. ऑफिसवाले ने जो बोला, वो सच में लिखा है क्या?"

लिहिलं होतं. 'सदर महिला नमूद पत्त्यावर मिळून आली नाही. परिसरातील किराणा दुकानदाराकडे विचारपूस केली असता अशा नावाची कोणीही महिला राहत नसल्याचे समजले.' परदेशी लोकांच्या नोंदणीच्या ऑफिसात त्याला सांगितलं होतं की लवकर खुलासा द्या. नाहीतर अर्ज फेटाळला जाईल, बाईला देश सोडायची नोटीस निघेल, आणि पत्ता खोटा दिला म्हणून वर केस होईल ती वेगळी.

मी म्हटलं, हे नाव कोणाचं आहे? मलाही ते माहीत नव्हतं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलो आणि माहीत नव्हतं.

भाभी मागून जिन्याने आलीच होती. दारात उभी राहून म्हणाली, "मेरा ही है आंटी. शादी से पहले का."

त्यांच्यात लग्नात पोरीचं पहिलं नावसुद्धा बदलतात. भटजी पत्रिका पाहून अक्षर काढतो, सासरचे नाव ठेवतात, आणि त्या दिवसापासून माहेरचं नाव बंद. ही रीत आपल्याकडेही होतीच की. माझ्या लग्नात सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरले होते, पण माझे वडील अडून बसले, पोरीचं नाव मी ठेवलं आहे, ते कोणी पुसायचं नाही म्हणाले. भाभीचं पुसलं गेलं. पासपोर्ट तेवढा माहेरच्या नावाचा राहिला. आणि गल्लीला तर तिचं सासरचं नावही ठाऊक नाही. गल्लीला भाभी ठाऊक.

"तिकडे कोण आहे तुझं आता?" मी विचारलं.

"कोई नहीं. भाई था, वो भी रायपुर आ गया." मग तिने एकदम विचारलं, "आंटी, बॉर्डर पे छोड़ते हैं तो उधर से कोई लेने नहीं आया तो? कहां जाने का?"

तिची मुलगी त्या वर्षी दहावीला होती. धाकट्याला तर आई जेवू घालते तेव्हाच घास उतरतो. तिच्या नवऱ्याने डोकं हातात धरलं होतं. मला जो राग आला म्हणता! एक जिना चढायचा होता हो हवालदाराला. एक जिना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी दुकानावर गेले. किराणावाल्याला मी आडवंउभं बोलले. त्याला आधी कळेचना. कळलं तसा तो गल्ल्यामागच्या स्टुलावर मट्कन बसला. "मॅडम, मले काय मालूम जी! मी तं चांगल्यासाठी बोललो. आपल्या भाभीले कोणी पाकिस्तानी म्हणन तं मी आयकून घेईन काय?" त्याचं काय चुकलं होतं? त्याच्या लेखी ते खरंच होतं.

आम्ही आधी ठाण्यात गेलो. मी, तिचा नवरा आणि आमचे हे. यांनी आदल्या दिवशीच मला सुनावून ठेवलं होतं, "तू काय वकील हाय काय? कशाले मधात पडतं?" आणि सकाळी स्वतःच पँट-शर्ट घालून दारात उभे. ठाण्यातले साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर सोपं गेलं असतं, भांडता आलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, एकदा रिपोर्ट गेला की गेला. आता गल्लीतल्या लोकांचे जबाब पाहिजेत. स्वतः येऊन, आपापलं आधार कार्ड घेऊन. ही बाई तीच, अमुक वर्षांपासून इथंच राहते, आम्ही ओळखतो. जितके जास्त येतील तितकं बरं."

मी विचारलं, "तुमच्या माणसाला वर चढायला काय झालं होतं?"

"उन्हाचे दिवस, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या टेबलावरचा पंखाही बंद होता, तेव्हा मी पिशवी उचलून उठले.

मला वाटलं होतं, जबाब म्हणजे काय मोठी गोष्ट? गल्लीत कोणाच्या घरी तिचे पापड नाहीत? कोणाचं बाळंतपण तिने पाहिलं नाही? मी घरोघर निघाले. गुडघ्यांची बोंब, डोक्यावर ओला दुपट्टा, असे दिवसच्या दिवस. प्रत्येक घरी मला बसवलं, पन्हं दिलं, हळहळले. "अरे रे, बिचारी! लई चांगली बाई हाय वं ते." आणि मग सही-जबाबाचं काढलं की तोंडं बदलत. एकीचा मुलगा पोलीस भरतीला बसला होता. एकाच्या पासपोर्टची चौकशी व्हायची होती. एकाला ठाण्याची पायरी चढायची नव्हती, कारण बापाने एकदा साक्ष दिली होती आणि मग आयुष्यभर तारखा केल्या होत्या. खोटं कोणीच बोलत नव्हतं. म्हणूनच जास्त थकायला होत होतं. सिंध्यांच्या घरांतून तरी लोक येतील असं वाटलं होतं, तर तिथं भीती आणखी जास्त. "आंटी, कल को हमारे ही कागज खोल के बैठ गए तो?"

माझ्याच चुलत भावाने मला रस्त्यात गाठलं. "तुले आपल्या लोकाईचे प्रश्न कमी हायेत काय? त्याईचे लोक पाहून घेतील त्याईचं."

"माझ्या भिंतीपलीकडे राहते ते माझे लोक नाहीत, तर तू तरी माझा कोण?" मी म्हटलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. बरं वाटलं मला, खरं सांगते. पण घरी येऊन पडले तेव्हा असंही मनात आलं की बास, आता माझ्याने होत नाही. मी काही कोणी समाजसेविका नाही. उन्हाळ्यात निजावं, संध्याकाळी विहारात जाऊन यावं, एवढंच वय आहे माझं. त्या घरी गेलं की भाभी पापड-पाणी पुढे करायची आणि काही विचारायची नाही. तिच्या त्या न विचारण्याचा मला फार राग यायचा. विचार ना बाई, म्हणावंसं वाटायचं, म्हणजे मला सांगता येईल की कोणी येत नाहीये.

शेवटी ठाण्यात आलो आम्ही तिघं. मी, हे, आणि किराणावाला. घरमालकाने फोनवर सांगितलं की भाडेकरार देतो, पण मला बोलावू नका. त्याचा करार घेतला, त्याला सोडलं.

जबाबाच्या दिवशी भाभीलाही बोलावलं होतं. ती भिंतीकडेच्या बाकावर बसली, पदर आवळून, चपला बाकाखाली सारून. ठाण्यातला जमादार एकेकाचं विचारून लिहीत होता. माझं झालं, यांचं झालं. शाळेत इतकी वर्षं पोरांचे निबंध तपासले, पण अशा मराठीवर मी कधी सही केली नव्हती. 'सदर पाकिस्तानी नागरिक महिलेस मी शेजारी या नात्याने ओळखते.' लिहायला लागतंच ते. कागदावर ती तेच आहे. मी सही केली.

किराणावाल्याची पाळी आली. जमादाराने लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. "मी पूर्वी दिलेली माहिती गैरसमजुतीने दिली होती. आमच्या गल्लीत सदर पाकिस्तानी नागरिक महिला राहण्यास आहे..."

"हे काढा," किराणावाला म्हणाला.

"काय काढू?"

"पाकिस्तानी. ते काढा. आमच्या गल्लीतली भाभी हाय, असं लिहा. मी तेच्यावर अंगठा बी देतो, सही बी देतो."

जमादार हसला. "भाभी म्हणून व्हिसा वाढत नाही, भाऊ."

"मग मी नाही करत सही." आणि खरंच पेन खाली ठेवला. हे माझ्याकडे पाहू लागले. भाभीच्या नवऱ्याला घाम फुटला. मी तिथं, त्या ठाण्यात, सगळ्यांदेखत किराणावाल्यावर ओरडले. इतक्या दिवसांचा शीण होता तो, बाहेर पडला. "तुम्हाला अक्कल आहे का गा? एकदा प्रेमापायी काय करून ठेवलं ते दिसत नाही? जे आहे ते आहे. आजपासून कोणीही येऊन विचारलं, पोलीस असो का कोणी असो, तर लपवायचं नाही आणि आपल्या मनचं सांगायचं नाही. पाकिस्तानची बाई राहते का म्हटलं तर राहते, वरच्या माळ्यावर, असं बरोबर सांगायचं. तेवढ्यानेच ती इथं राहणार आहे. समजलं?"

तो मान खाली घालून म्हणाला, "समजलं मॅडम." आणि सही केली. सही करताना त्याचे डोळे भरले होते. मी भाभीकडे पाहिलं नाही. पाहायला पाहिजे होतं, पण माझ्याने झालं नाही.

त्यानंतर हवालदार पुन्हा आला, या वेळी जिना चढला. त्यालाही पापड आणि पाणी मिळालं. रिपोर्ट नवा गेला. मग काहीच नाही. महिने गेले. तिचा नवरा अधूनमधून सुट्टी टाकून ऑफिसात जायचा आणि 'प्रोसेस में है' एवढं ऐकून यायचा. मुलगी दहावीचा अभ्यास आमच्या हॉलमध्ये करायची, कारण घरात कोणी बोलत नाही, म्हणाली, आणि त्याने वाचण्यात लक्ष लागत नाही.

दिवाळीच्या तोंडावर व्हिसा वाढून आला. कायमचा नव्हे, पण आला. भाभीने गल्लीत घरोघर बेसनाची बर्फी वाटली. जे आले होते त्यांना आणि जे आले नव्हते त्यांनाही, ताटात फरक नाही. मी म्हटलं, अगं त्यांना कशाला? तर म्हणाली, "आंटी, रहना तो सबके साथ है ना."

त्या दिवशी मी गाढ झोपले.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. मी सकाळी दुकानावर गेले होते, चहापत्ती घ्यायला. भाभी माझ्याआधीच तिथं होती, हातात दह्याची पिशवी. आम्ही दोघी दिवाळीच्या चकलीचं काहीतरी बोलत होतो. तेवढ्यात एक कुरियरवाला गाडीवरून आला आणि पाकिटावरचा पत्ता वाचून किराणावाल्याला म्हणाला, "भैया, ये मकान कौनसा?"

किराणावाला तराजू सोडून तत्परतेने बाहेर आला. हात लांब करून, खणखणीत आवाजात त्याने सांगितलं, "ते निळं गेट दिसते ना? तेच. खाली मालकाचं सामान हाय, वरच्या माळ्यावर ते पाकिस्तानी बाई राहते. बरोबर तेच घर."

दुकानावर आणखी दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी माना वळवून निळ्या गेटकडे पाहिलं.

"अहो!" माझ्या तोंडून निघालं. "असं काहून सांगता गा तुम्ही?"

तो गोंधळला. त्याला खरंच कळलं नाही. "मॅडम, तुम्हीच तं म्हटलं होतं, कोणी विचारलं तं लपवायचं नाही, बरोबर सांगायचं. मी आता सगळ्याईले बरोबरच सांगतो. पेपरवाल्याले सांगतलं, गॅसवाल्याले सांगतलं. पुन्हा काही भानगड नको भाभीच्या मागं."

कुरियरवाला पाकीट हातात धरून कोणाकडे जावं ते पाहत उभा होता. भाभीनेच हात पुढे केला. "लाओ भैया," ती म्हणाली. "वो पाकिस्तानवाली मैं ही हूं."

तिने सही केली, पाकीट काखेत धरलं, दह्याची पिशवी सांभाळली आणि गल्लीने घराकडे निघाली. किराणावाला माझ्याकडे पाहत होता, शाबासकीची वाट पाहावी तसा. मी दुकानाच्या पायरीवरून तिला हाक मारली. "भाभी!" गरज नसताना इतक्या जोराने मारली की समोरच्या खिडकीतली बाईसुद्धा बाहेर डोकावली.

ती वळली. "क्या हुआ आंटी?"

"काही नाही वं," मी म्हटलं. "पिशवी गळून राहिली तुझी. हळू जाय."